पडद्यावरचे भिडू

हैदराबाद हे शहर पूर्वीपासून शौकिनांचे म्हणून ओळखले जाते. संक्रांतीच्या पतंगांपासून मलकपेटच्या घोड्यांच्या शर्यतींपर्यंत आणि इराणी हॉटेलांतील गप्पांपासून गल्लीतल्या कॅरमपर्यंत, करमणुकीला येथे कधी तोटा पडला नाही. अलीकडे मात्र एक नवाच खेळ शहरात जागोजाग दृष्टीस पडतो. त्याला मैदान लागत नाही, पट लागत नाही, पत्त्यांचा जोडही लागत नाही. मियापूरहून एल. बी. नगरकडे जाणाऱ्या मेट्रोच्या डब्यात संध्याकाळी पाहावे. माना खाली, अंगठे चालू, आणि कानांत यंत्रे. कोणी एका ओसाड बेटावर शत्रूची चाहूल घेत असतो, कोणी रंगीत गोळ्या जुळवीत असतो, तर कोणी सोंगटी घरी नेण्याच्या विवंचनेत असतो.

शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना हे सारे सारखेच दिसते. ‘पोरे मोबाइलवर खेळत बसतात’ ह्या एका वाक्यात त्यांचे निदान आटोपते. वस्तुतः क्रिकेट, झब्बू आणि मटका ह्या तिहींनाही लोक खेळच म्हणतात, म्हणून त्यांना कोणी एका पंक्तीस बसवीत नाही. तोच विवेक पडद्यावरील खेळांच्या बाबतीतही हवा. हैदराबादेतील माणसे, त्यांतही मराठी घरांतील माणसे, पडद्यावर नेमके काय खेळतात आणि त्या खेळांविषयी त्यांना स्वतःला काय वाटते, ह्याचा विचार आज करावयाचा आहे.

ह्या खेळांचे वय तसे फार नाही. १९५८ साली अमेरिकेतील ब्रुकहेवन येथील प्रयोगशाळेत विल्यम हिगिनबॉथम ह्या पदार्थवैज्ञानिकाने, प्रयोगशाळा पाहावयास येणाऱ्या मंडळींना कंटाळा येऊ नये म्हणून, ऑसिलोस्कोपच्या इवल्याशा पडद्यावर टेनिसचा डाव मांडला. १९६२ साली एम. आय. टी. ह्या संस्थेतील तरुणांनी अवकाशयानांच्या लढाईचा ‘स्पेसवॉर’ रचला. दोन्ही प्रसंगी धंद्याचा हेतू नव्हता. यंत्राशी सलगी करावी एवढीच हौस होती. धंदा आला तो १९७२ साली, अटारी कंपनीच्या ‘पाँग’बरोबर. पुढे १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह ह्याने ‘टेट्रिस’ निर्माण केला आणि १९८५ साली जपानच्या निन्टेन्डो कंपनीचा ‘सुपर मारिओ’ घरोघरी धावू लागला.

हैदराबादेत हा खेळ प्रथम आला तो दूरदर्शन संचाला जोडावयाच्या यंत्रांतून आणि त्यांत खोचावयाच्या कॅसेटींतून. त्यानंतर सायबर कॅफेचे दिवस आले. सिकंदराबादच्या पार्क लेनवरील चिनॉय ट्रेड सेंटर, म्हणजे लोकांच्या तोंडचे ‘सीटीसी’, आणि कोठीची गुजराती गल्ली ही यंत्रांच्या शौकिनांची तीर्थक्षेत्रे झाली. २००३ साली हुसेनसागराजवळ प्रसाद्स चित्रपटगृह उघडले, त्यात सिनेमाबरोबर खेळांचेही दालन होते. तथापि हे सगळे घराबाहेर होते, आणि त्याला जाण्यायेण्याची, वेळेची व खिशातील पैशांची मर्यादा होती. ती मर्यादा पुसली गेली ती स्वस्त मोबाइलमुळे आणि सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ सुरू झाल्यानंतर एकाएकी उतरलेल्या इंटरनेटच्या दरांमुळे. खेळाचे दुकान तेव्हापासून खिशातच आले.

तरुण मुलांत सर्वांत बोलबाला आहे तो लढाईच्या खेळाचा. ब्रेंडन ग्रीन ह्या आयरिश गृहस्थाने दक्षिण कोरियातील एका कंपनीसाठी २०१७ साली ‘पबजी’ हा खेळ तयार केला आणि मार्च २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला. शंभर माणसे विमानातून हवाई छत्र्यांनी एका बेटावर उतरतात. उतरताना हात रिकामे असतात. शस्त्रे, औषधे, चिलखत हे सारे पडक्या घरांतून शोधून मिळवावे लागते. इकडे बेटाभोवतीचे सुरक्षित वर्तुळ हळूहळू आवळत जाते आणि सर्वांना एकमेकांच्या समोर आणून उभे करते. शेवटी जो उरेल, किंवा ज्यांची चौकडी उरेल, तो विजयी. भारत सरकारने २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ चिनी संबंधांच्या ॲप्सवर बंदी घातली, तीत हा खेळ गेला. जुलै २०२१ मध्ये तो ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ ह्या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा अडविला गेला आणि मे २०२३ मध्ये काही अटींवर पुन्हा सुरू झाला. अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास, अशी वेळेची मर्यादा त्या वेळी घालण्यात आली.

हा खेळ खेळणाऱ्या मुलांना ‘ह्यात तुला आवडते काय?’ असे विचारले, तर ‘माणसे मारणे’ असे उत्तर फारसे येत नाही. बहुतेकांच्या बोलण्यात येतो तो सोबत्यांचा भरवसा. गोळी लागून एखादा भिडू पडला, तर तो लगेच बाद होत नाही. काही क्षण तो रांगत असतो, आणि तेवढ्या अवधीत दुसऱ्या भिडूने धावत जाऊन त्याला उठविले, तर तो पुन्हा डावात येतो. उठवावयास जाणाराला स्वतःचा जीव धोक्यात घालावा लागतो. कोण धावून आला आणि कोण भिंतीआड दडून राहिला, ह्याचा हिशेब मुले दुसऱ्या दिवशी शाळेत किंवा कॉलेजात चोख करतात. विटीदांडू आणि आट्यापाट्या खेळणाऱ्या पिढीला हा हिशेब परका वाटू नये. भिडूची पारख तेव्हाही अशीच होत असे.

त्यांच्या तक्रारीही तितक्याच ओळखीच्या आहेत. भिंतीआडचा शत्रू दिसावा म्हणून कित्येक जण चोरटी साधने वापरतात. त्याला सगळे वैतागलेले असतात. मराठीत ह्याला रडीचा डाव म्हणतात, आणि पडदा आला तरी तो शब्द जुना झालेला नाही. दुसरी तक्रार शिवीगाळीची. अनोळखी भिडूंच्या टोळीत पडले की कानांवर काय येईल ह्याचा नेम नसतो. मुलींना तर ह्याचा जाच फारच होतो. आवाजावरून मुलगी आहे हे कळताच थट्टा, चौकश्या किंवा अपशब्द सुरू होतात, म्हणून चांगल्या खेळणाऱ्या कित्येक मुली ध्वनियंत्र बंद ठेवूनच खेळतात. संघाचा खेळ आणि तोंडाला कुलूप, ही त्यांची अडचण घरातल्या वडिलांना बहुधा ठाऊकही नसते.

भाषेच्या दृष्टीने मात्र ह्या खेळात एक गंमत आहे. हैदराबादचा मुलगा खेळताना दखनी बोलतो, मग त्याच्या घरची भाषा तेलुगू असो, उर्दू असो वा मराठी असो. त्या दखनीतील ‘नक्को’ हा शब्द आणि शब्दामागे लागणारा निश्चयाचा ‘च’ हे दोन्ही मराठीकडून आलेले आहेत. तेव्हा पाटण्याचा किंवा गुवाहाटीचा एखादा भिडू पलीकडून ‘उधर नक्को जा’ असे ऐकतो, तेव्हा नकळत मराठीचाच एक कण त्याच्या कानी पडतो. खेळाच्या इंग्रजी परिभाषेतही आपले दोन शब्द परदेश फिरून घरी आले आहेत. खेळाडूच्या पडद्यावरील रूपाला जगभर ‘अवतार’ म्हणतात, आणि पडक्या घरांत सापडणाऱ्या सामग्रीला ‘लूट’. इंग्रजीने हिंदुस्थानातून उचललेले हे शब्द मुले आता इंग्रजी म्हणून उच्चारतात.

शहराच्या पश्चिम टोकाला, माधापूर, गचीबावली आणि हायटेक सिटीच्या बाजूला, निराळी मंडळी निराळे खेळ खेळतात. नोकरीसाठी आलेले हे तरुण रात्री उशिरा मोकळे होतात. ‘व्हॅलोरंट’ हा २०२० साली आलेला खेळ त्यांच्यात प्रिय आहे. पाच विरुद्ध पाच असा सामना, एका पक्षाने स्फोटक लावावयाचे आणि दुसऱ्याने ते रोखावयाचे, आणि तेरा फेऱ्या आधी जिंकेल त्याची सरशी. फुटबॉलचे भक्त वर्षानुवर्षे ‘फिफा’ खेळत. त्या मालिकेचे नाव २०२३ साली ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ असे झाले. काहींना एकट्याने खेळावयाचा ‘ग्रँड थेफ्ट ऑटो’ बरा वाटतो. ह्या मालिकेतील २०१३ साली आलेला पाचवा भाग अजून लोकांच्या यंत्रांवरून उतरलेला नाही. चोऱ्यामाऱ्यांचे कथानक असूनही कित्येक जण त्यात मोटार घेऊन नुसते शहरभर भटकत राहतात. दिवसभराच्या कामानंतर कोणी काम सांगत नाही, हेच त्यात सुख, असे ते म्हणतात.

ह्या तरुणांत मराठी मुलगे आणि मुली पुष्कळ आहेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्याचाच भाग होता. नांदेड, परभणी, लातूरकडून ह्या शहरी येण्याची वाट जुनी आहे. पूर्वी आलेला मराठी माणूस काचीगुड्याला खोली घेई, मुलांना १९०७ साली स्थापन झालेल्या विवेकवर्धिनीच्या शाळेत घाली, आणि संध्याकाळी इसामिया बाजारातील मराठी ग्रंथसंग्रहालयात त्याला चार ओळखीची माणसे भेटत. आजचा तरुण गचीबावलीच्या बाराव्या मजल्यावर राहतो, आणि शेजारच्या दाराआड कोण राहते हे त्याला ठाऊक नसते. रात्री साडेदहाला मात्र लातूरचा, पुण्याचा आणि टोरोंटोचा असे त्याचे शाळेतले तीन मित्र पडद्यावर जमतात. अर्धे लक्ष खेळात आणि अर्धे घरच्या बातम्यांत असते. कोणाच्या वडिलांचे ऑपरेशन झाले, कोणाचे लग्न ठरले, हे गोळीबाराच्या आवाजातच कळते. खेळ बरा की वाईट हे त्यांना विचारले तर ते हसतात. त्यांच्या दृष्टीने तो गावातला पार आहे.

आता घरात पाहावे. दुपारी आवराआवर झाल्यावर गृहिणी आणि आजीबाई जो खेळ उघडतात, त्याला त्या स्वतः गेम म्हणतच नाहीत. ‘जरा लुडो’ एवढेच म्हणतात. ‘लुडो किंग’ हा खेळ नवी मुंबईतील गेमेशन कंपनीने, विकाश जयस्वाल ह्यांच्या नेतृत्वाखाली, २०१६ साली काढला. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली आणि घरोघरी माणसे अडकून पडली, तेव्हा ह्या खेळाचा प्रसार झपाट्याने झाला. वस्तुतः लुडो म्हणजे आपलीच पचिशी. कवड्यांऐवजी चौकोनी फासा घेऊन इंग्लंडमध्ये १८९६ साली त्याचे पेटंट घेण्यात आले. फत्तेपूर शिक्रीच्या प्रांगणात पचिशीचा दगडी पट आजही दाखवितात. सापशिडीचेही तसेच. तिचे मूळ मोक्षपटात असून परंपरा त्याचा संबंध ज्ञानेश्वरांशी जोडते. म्हणजे आजीच्या हातातील मोबाइलमध्ये जे आहे ते तिच्या आजीपाशीही होते.

ह्या बायकांचे अभिप्राय ऐकण्यासारखे असतात. परगावच्या लेकीबरोबर, नातवाबरोबर रोज एक डाव होतो, ह्याचे त्यांना मोठे समाधान आहे. फोनवर ‘कशी आहेस’, ‘बरी आहे’ झाले की बोलणे संपते. डाव मांडला की अर्धा तास सहज जातो आणि मनातले बोलणे आपोआप निघते. पण कवड्यांचा खुळखुळाट नाही, ही खंतही त्या बोलून दाखवितात. शिवाय यंत्राचा फासा खरा पडतो की कोणी पाडतो, ही शंका त्यांच्या मनातून जात नाही. हातातून टाकलेल्या कवडीवर नशिबाचा बोल होता. यंत्राच्या फाशावर कोणाचा, हा त्यांचा प्रश्न भोळा नाही. ह्याच खेळांच्या पोटात धंद्याचे काय चालते, तिकडे तो बोट दाखवितो.

लहान मुलांचे राज्य आणखी वेगळे. आठ-दहा वर्षांच्या मुलांत ‘माइनक्राफ्ट’ आणि ‘रोब्लॉक्स’ ही नावे ऐकू येतात. माइनक्राफ्ट हा मार्कुस पेर्सन ह्या स्वीडिश तरुणाचा खेळ २०११ साली पूर्ण स्वरूपात बाहेर पडला. त्याच्या तीस कोटींहून अधिक प्रती खपल्याचे २०२३ साली जाहीर झाले. चौकोनी ठोकळ्यांचे एक अफाट जग असते. त्यात खणावे, ठोकळे गोळा करावे आणि हवे ते रचावे. घर, पूल, किल्ला, बोगदा, जे मनात येईल ते. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करणारी मुले ज्या तन्मयतेने बसतात, तीच तन्मयता येथे दिसते. फरक इतकाच की चिखलाने हात भरत नाहीत, आणि तो फरक लहान नाही. पण ज्या सदनिकेला अंगण नाही आणि जेथे माती विकत आणावी लागते, तेथील मुलाने किल्ला करावा कोठे, हेही विचारले पाहिजे. शहरातील मोकळ्या जागा मोठ्या माणसांनी संपविल्या, आणि मुले आत बसतात म्हणून बोल मात्र मुलांना लावला जातो.

हैदराबाद हे खेळ नुसते खेळत नाही, तर बनवितेही. २००१ साली येथे स्थापन झालेल्या ग्रीन गोल्ड ॲनिमेशनने निर्माण केलेला ‘छोटा भीम’ २००८ साली दूरचित्रवाणीवर आला आणि नंतर खेळांतही शिरला. येथल्याच ओगर हेड स्टुडिओने २०१७ साली ‘असुरा’ हा खेळ प्रसिद्ध केला. भारतीय पुराणकथांचे वातावरण घेतलेल्या ह्या खेळात नायक मेला की सारे पुन्हा पहिल्यापासून, आणि प्रत्येक वेळी भुयारांची रचना बदललेली. असे खेळ आवडणारे लोक सांगतात की, हरण्याची लाज जाते, हा त्यांचा मोठा गुण. शंभर वेळा हरल्यावर एकदा जिंकता येते आणि त्या शंभरही वेळा काही तरी शिकावयास मिळते. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ काढला. त्यात एक बहीण आपल्या धाकट्या भावाला राक्षसांच्या तावडीतून सोडवावयास निघते. ह्या खेळाचे कौतुक परदेशांतही झाले. खेळ बनविणाऱ्यांची जी परिषद देशात दरवर्षी भरते, ती कित्येक वर्षे हैदराबादेत भरत आली. २०२५ साली ती चेन्नईला झाली.

येथपर्यंतचे चित्र बरेचसे आनंदाचे आहे. पण ह्या खेळांना पैसा कोठून मिळतो हे पाहिल्याशिवाय विचार पुरा होत नाही. मोबाइलवरील बहुतेक खेळ फुकट असतात. फुकट खेळातून कंपनी जगते ती जाहिरातींवर, आणि खेळात विकल्या जाणाऱ्या वस्तूंवर. पोशाख, बंदुकीचे रंग, जादा संधी, असा हा बाजार. त्यातली विशेष लबाडी बंद पेटीची. पेटी आधी विकत घ्यावयाची आणि आत काय निघाले ते मागाहून पाहावयाचे. हवी ती वस्तू निघाली नाही की पुन्हा पेटी. बेल्जियमने २०१८ साली अशा पेट्यांपैकी काहींना सरळ जुगार ठरविले. त्याशिवाय रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर साखळी तुटली, अशा युक्त्या असतात. मुलाला खेळ सोडवत नाही ह्याचे कारण केवळ त्याच्या मनाचा दुबळेपणा असे समजणे अन्यायाचे आहे. ते मन कसे अडकेल ह्यासाठी पलीकडे पगारी माणसे राबत असतात. २०२२ साली हैदराबादेतील एका किशोरवयीन मुलाने मोबाइलवरील खेळापायी घरच्या बँकखात्यातील सुमारे छत्तीस लाख रुपये खर्चून टाकल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले होते. आईला ते कळले तेव्हा खाते रिकामे झाले होते.

खेळ आणि पैसा ह्यांचा हा वाद हैदराबादला नवा नाही. सिकंदराबादेतील क्रेसेंट रिक्रिएशन क्लबवर १९६३ साली पोलिसांनी धाड घातली. पैसे लावून रमी खेळली जाते हा आरोप होता, आणि कायदा होता निजामाच्या काळातला, फसली १३०५ सालचा. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. नोव्हेंबर १९६७ मध्ये न्यायमूर्ती हिदायतुल्ला ह्यांनी दिलेल्या निकालात असे ठरले की, रमी हा तीन पत्तीसारखा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. कोणती पाने पडली ते ध्यानात ठेवावे लागते, कोणते पान राखावे व कोणते टाकावे ह्याला कसब लागते, म्हणून तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ होय. सिकंदराबादच्या एका क्लबात रमी खेळत बसलेल्या माणसांविषयीचा हा निकाल अर्धशतकाने मोबाइलवरील रमीच्या कंपन्यांना फार उपयोगी पडला. ‘आमचा खेळ कौशल्याचा’ ही त्यांची ढाल झाली.

पण क्लबात रात्र झाली की दिवे मालवतात आणि माणसे घरी जातात. मोबाइलच्या क्लबाला दारच नाही. तेथे समोरचा माणूस दिसत नाही, हरलेल्याला ‘आता पुरे’ म्हणणारा सोबती नसतो, आणि पैसे खिशातून नव्हे तर खात्यातून जातात. ते जाताना हाताला जाणवतही नाहीत. तेलंगण सरकारने २०१७ साली आधी वटहुकूम काढून व मग कायदा करून पैसे लावून खेळावयाचे ऑनलाइन खेळ बंद केले; रमीलाही सवलत ठेवली नाही. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी देशव्यापी कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यात खेळांचे तीन वर्ग केले आहेत. स्पर्धेचे ई-क्रीडाप्रकार आणि करमणुकीचे सामाजिक खेळ ह्यांना उत्तेजन द्यावयाचे. पैशांच्या खेळांना मात्र, कौशल्य असो वा नशीब, मनाई करावयाची. असा खेळ चालविणाराला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. खेळणाराकडे कायदा गुन्हेगार म्हणून पाहत नाही, ही त्यातली समंजस गोष्ट.

कायदा पैशाची वाट अडवील. वेळेची वाट त्याला अडविता येणार नाही. ती ज्याची त्यानेच पाहिली पाहिजे. मराठीत ह्यासाठी तीन चांगले शब्द आहेत: छंद, नाद आणि व्यसन. छंद माणसाला ताजा करून कामावर परत धाडतो. नाद कामाच्या वेळेत हळूच हात घालतो. व्यसन काम, झोप आणि माणसे ह्यांची जागाच घेते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली मान्य केलेल्या आणि १ जानेवारी २०२२ पासून अंमलात आलेल्या रोगांच्या यादीत खेळाच्या व्यसनाला स्थान दिले आहे. त्याच्या खुणाही ह्याच क्रमाने जातात. खेळण्यावर ताबा न उरणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे, आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे. हे साधारणपणे वर्षभर टिकून असेल आणि त्यामुळे शिक्षण, नोकरी किंवा घर विस्कटत असेल, तरच त्याला रोग म्हणावयाचे. परीक्षेनंतर आठवडाभर खेळत बसलेला मुलगा रोगी नव्हे, हे आईबापांनी ध्यानात ठेवलेले बरे.

ही पारख करावयाची एक साधी रीत हैदराबादसारख्या शहरात घरोघरी उपलब्ध आहे. रमजान, श्रावण आणि ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ ह्या सगळ्यांत काही तरी आवडीचे सोडावयाचा प्रघात आहे. काही तरुण आताशा अशा दिवसांत खेळ सोडून पाहतात. ज्याला चार दिवस चुकल्यासारखे वाटते आणि मग विसर पडतो, त्याचा छंद आहे. ज्याचा संताप संताप होतो, ज्याला झोप लागत नाही, जो चोरून खेळतो, त्याने आणि त्याच्या माणसांनी सावध व्हावे, आणि लाज न बाळगता मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा.

घरातील रोजच्या भांडणाचा एक उपाय मात्र खेळाचे नियम समजून घेतल्यानेच सापडतो. चौकडीच्या लढाईचा एक डाव सुमारे अर्ध्या तासाचा असतो. जेवणाची हाक डावाच्या मध्यावर पडली, तर मुलाला एका बाजूला आईची अवज्ञा आणि दुसऱ्या बाजूला तिघा भिडूंचा विश्वासघात ह्यांतून निवड करावी लागते. तो उठत नाही, ताट निवते, आणि शब्दाला शब्द वाढतो. तीच हाक डाव सुरू होण्यापूर्वी दिली, ‘एवढा झाला की ये’ असे ठरविले, तर बहुतेक मुले येतात. जी तरीही येत नाहीत त्यांच्यापुढचा प्रश्न मग खरोखर वेगळा आहे, हेही स्पष्ट होते. बँकेचे खाते आणि मुलाच्या हातातील मोबाइल ह्यांचा संबंध तोडून ठेवणे, रात्री ठराविक वेळी सर्वांचेच मोबाइल, बापाचासुद्धा, एका जागी ठेवणे, ह्या गोष्टी अवघड नाहीत.

मूल मैदानातून घरी आले की पूर्वी आई विचारी, ‘कोणाबरोबर खेळत होतास?’ किती वेळ खेळलास, हा प्रश्न त्यानंतरचा. पडद्यावरील खेळाच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला आहे. तासांचा हिशेब होतो आणि भिडूंची चौकशी राहून जाते. तो पहिला प्रश्न पुन्हा विचारावयास हवा. पलीकडे लातूरचा मित्र आहे, नाव न सांगणारा कोणी अनोळखी आहे, की पेट्या विकणारी कंपनी आहे, हे त्या उत्तरात कळेल. आणि कधी रविवारी दुपारी वडिलांनी मुलाशेजारी बसून ‘मलाही दाखव’ म्हणावे. पहिल्या दोन मिनिटांत ते बेटावर धारातीर्थी पडतील ह्यात शंका नाही. पण त्यांना उठवावयास कोण धावून येतो, ते त्यांना दिसेल.